काही करत नाही हो तो!

पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घालायचा सोडून स्वतःच्याच गळ्यात अडकवून फिरणाऱ्या माझ्या श्वानप्रेमी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ सवयीने लिहिलं गेलं, राहू दे.

बागेच्या मागच्या फाटकावर पुन्हा पाटी लागली. ‘पाळीव प्राण्यांना आत आणण्यास सक्त मनाई आहे.’ आधीची गंजून अर्धी पुसली गेली होती. ही कोरी करकरीत आहे आणि खाली दंडाचा इशाराही आहे. आपल्या ग्रुपवर तिचा फोटो आला, त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली आणि मग शिव्यांची लाखोली सुरू झाली. महापालिकेला, उद्यान विभागाला, ज्येष्ठ नागरिक संघाला, ‘डॉग हेटर’ म्हाताऱ्यांना. मी ते सगळं खालपर्यंत वाचलं. आपल्यातल्या कुणाचं नाव निघतंय का ते बघत होते. निघालं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि तेही चारचौघांत. ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन मिनिटांत कुणीतरी पिल्लाचा व्हिडिओ टाकला असता आणि विषय संपला असता.

तुमच्यातले बरेच जण नंतर आलात, म्हणून आधीचं सांगते. बागेत कुत्री आणायची सकाळी सहा ते सात ही वेळ आपल्याला कुणी आंदण दिली नव्हती. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, ‘साहेब साइटवर गेलेत’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, असं सगळं यथासांग झालं होतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेल्या होत्या, पिवळ्या पेनाने खुणा करून. सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, आणि बागेत सरसकट मज्जाव करण्यापेक्षा वेळा ठरवून द्याव्यात, असं त्यात आहे. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, हे सोसायट्यांसाठी आहे. बाग महापालिकेची आहे.” मुद्दा बरोबर होता. कायद्याचं पुस्तक आपटून ती वेळ मिळणार नव्हती. बागेत येणाऱ्या माणसांनीच ‘येऊ द्या त्यांना’ म्हणायला हवं होतं.

ते पहिल्यांदा म्हणाले ते बाकावरचे काका. त्यांचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत बाकी सगळे हाताची घडी घालून बसले होते. एका आजींनी लहानपणी कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. त्या पिढीला विचारून बघा, बऱ्याच घरांत कुणीतरी घेतलेली असतात. ती लस इतिहासजमा झाली, पण कुत्रा जवळ आला की त्या आजींचा हात अजून पोटावर जातो. त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हा काका उठले. म्हणाले, “आमच्या वस्तीवर कायम कुत्री होती. माणसं नीट वागणार असतील तर कुत्र्याचं काही नसतं. वर्षभर बघू.” त्या शब्दावर अटी ठरल्या. मागच्या फाटकाने यायचं. भिंतीकडेच्या बांबूंच्या पट्ट्यातच फिरायचं, हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला यांची झेरॉक्स वॉचमनकडे द्यायची. आपली घाण आपण उचलायची. आणि पट्टा सोडायचा नाही.

यातली कुठली अट जाचक होती, ते मला एकदा कुणीतरी सांगा.

आधी पट्टे लांबले. ते चकरीचे आले ना बाजारात, बटण दाबलं की दोरी सुटत जाते, ते. कुत्रा बाकापाशी आणि मालक फाटकापाशी. मग ‘पाचच मिनिटं सोडतो, फ्लॅटमध्ये धावायला मिळत नाही हो त्याला’ सुरू झालं. हे दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घरात लॅब्रेडॉर म्हणजे शेपटीच्या एका फटक्यात टीपॉयवरचे कप खाली. (पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की पाळणाऱ्यांविषयी मला वेगळं पत्र लिहायचं आहे, ते पुन्हा कधीतरी.) पण खोल्या दोन आहेत हे कुत्रा आणायच्या आधीही तुम्हाला दिसत होतं. त्याची भरपाई सहाला फिरायला येणाऱ्या आजींनी का करायची?

आणि मग ते वाक्य. “काही करत नाही हो तो!” हे वाक्य नेहमी लांबून ऐकू येतं, आणि कुत्रा त्याच्या आधी पोचलेला असतो. ज्याच्या छातीवर दोन ओले पंजे टेकलेत, त्या माणसाने तेवढ्यात काय करायचं असतं? हसायचं? नाव विचारायचं? तुमचा कुत्रा काही करत नाही ही माहिती तुमच्याकडे आहे, समोरच्याकडे नाही. त्याला दिसतं ते तीसेक किलोचं जनावर, उघडं तोंड, आणि मागे कुठेतरी मोबाईलवर बोलणारा एक माणूस. कुणी देवाला निघालेलं असतं, कुणी नुकतंच नमाज पढून आलेलं असतं, कुणाचा परवाच मोतीबिंदू काढलेला असतो, कुणाला नुसतंच आवडत नाही. नुसतंच न आवडणं हेसुद्धा पुरेसं कारण आहे. मला पाली आवडत नाहीत, त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे कुणी मागत नाही.

चावणं म्हणजेच काहीतरी करणं, बाकी सगळं लाडात मोडतं, असा हिशेब आपल्या मंडळींत कसा रूढ झाला कुणास ठाऊक. मूल घाबरून पळतं, पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतो, ते त्याच्या रक्तात आहे, आणि पळालेलं मूल पुढे वर्षानुवर्षं कुत्र्याला बघून रस्ता बदलतं. असे रस्ता बदलणारे लोकच मोठे होऊन सोसायटीच्या कमिटीत बसतात. मग आपण लिफ्टच्या पाटीवरून भांडतो.

आता माझ्या भुरीचं. भुरी रस्त्यावरची. डाव्या कानाच्या टोकाला नसबंदीची खाच आहे, तीच तिची वंशावळ. तिला मी पट्ट्याशिवाय बागेत आणत नव्हते. तुमचे मोकळे कुत्रे समोरून सरळ तोंडावर धावत यायचे. कुत्र्यांच्या जगात हे अंगावर जाणं झालं. शहाणी कुत्री बाजूने, वळसा घेत येतात, आधी हुंगतात, मग ठरवतात. मोकळा असलेल्याला निदान पळता येतं. पट्ट्यात बांधलेलीला तेही नाही, म्हणून ती गुरगुरते. एकदा ती गुरगुरली, तेव्हा तुमच्यातल्या एका ताईंनी आपल्या सोनेरी रिट्रीव्हरला मागे ओढून घेतलं आणि मला म्हणाल्या, “तुमची जरा ॲग्रेसिव्हच आहे नाही? गावठी आहे ना.”

तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. ज्या जातीने हजारो वर्षं या हवेत, या धुळीत, आपल्या उष्ट्यावर दिवस काढले, तिला गावठी म्हणताना तुमच्या तोंडावर जो भाव होता, तो मला माणसांच्या बाबतीतही ओळखीचा आहे. भुरी उभ्या आयुष्यात कुणावर धावून गेलेली नाही. तिचा दोष एवढाच की तिला बांधून ठेवलं होतं आणि तुमच्याला नाही.

काकांचं काय झालं ते तुमच्या ग्रुपवर ‘छोटासा इश्यू’ म्हणून आलं. त्यांची काठी खेळणं समजून एकाने तोंडात धरली आणि ओढली. काका काठीच्या आधारावर उभे होते, ते मनगटावर पडले. हाड मोडलं. त्याक्षणीसुद्धा लांबून तेच वाक्य आलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग “खेळायला आला होता हो”, मग “काकांनी काठी हलवायला नको होती.” दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की म्हातारा पहिल्यापासून कुत्र्यांच्या विरोधातच होता. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. ज्या माणसाच्या शब्दावर आपण आत आलो, त्याला तुम्ही एका रात्रीत डॉग हेटर करून टाकलंत. बंदीपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

आणि त्यांनी तक्रार केली नाही, हे तुम्हाला माहीत तरी आहे का? करता आली असती. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका पोचू नये एवढी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जीवजंतू कल्याण मंडळाच्या ज्या सूचना आपण सोसायटीच्या तोंडावर फेकतो, त्यांतच पुढे आपल्यासाठीही चार शब्द आहेत: सार्वजनिक जागी पट्टा लावा, लस वेळेवर द्या, घाण साफ करा. ती पानं आपल्या ग्रुपवर कधी कुणी टाकलेली मला दिसली नाहीत.

घाणीचा विषय निघालाच आहे तर तोही होऊन जाऊ दे. तुमच्या मते पाटी काकांमुळे लागली. माझ्या मते ती बाग झाडणाऱ्या बाईंमुळे लागली, आणि बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं. चौकशीला साहेब आले तेव्हा त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि एवढंच म्हणाल्या, “कुत्रं यांचं. मी का उचलायचं?” साहेबांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा असा समज आहे की सफाई कर्मचारी असतातच त्यासाठी. त्या पालापाचोळा झाडायला असतात. दुसऱ्याची घाण हाताने उचलायला कुणाला लावायचं, या प्रश्नाचा या देशात काय इतिहास आहे, तो मी इथे सांगत बसत नाही. पण शाम्पूने न्हाऊन आलेल्या कुत्र्याची शी बांबूखाली ढकलून पुढे जाणाऱ्याला तो आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘माती आहे, खत होईल’ हेही ऐकलं. होत नाही. कुत्रा मांसाहारी, त्याच्या शीचं शेणासारखं नसतं. तिच्यात गोलकृमीची अंडी असतील तर ती मातीत महिनोन्महिने टिकतात, आणि मुलं वाळूत खेळून तोच हात तोंडात घालतात. अंकुशकृमीच्या अळ्यांना तर तोंडाचीही गरज लागत नाही. ओल्या, उबदार मातीतून त्या उघड्या पायाच्या कातडीत शिरतात. आता आपल्या बागेत पहाटे काय चालतं ते आठवा. डोळ्यांना चांगलं म्हणून निम्मा ज्येष्ठ नागरिक संघ दवातल्या हिरवळीवर अनवाणी चालत असतो. जुनं वर्तमानपत्र चौकोनी फाडून खिशात ठेवायचं, कुत्रं बसायला लागलं की खाली सरकवायचं, पुडी बांधायची, घरी आणून संडासात टाकायची. झालं. वाकावं लागतं तेवढंच. माझ्या गुडघ्यांना ते जमतं, मग जिमला जाणाऱ्या मंडळींना का जमू नये?

तुमच्यातले काही तर स्वतः येतच नव्हता. कुत्रा फिरवायला एक पोरगा, एका हातात तीन पट्टे, दुसऱ्या हातात मोबाईल. त्या पोराला काय बोलणार? त्याला पैसे फिरवण्याचे मिळतात, उचलण्याचे कुणी ठरवलेलेच नसतात.

माझ्या भाचीने जर्मनीतून फोटो पाठवला की तुम्ही हळहळता: बघा, तिथे ट्रेनमध्ये, हॉटेलात, सगळीकडे कुत्रे! खरं आहे. तिथे रेल्वेत मोठ्या कुत्र्याचं तिकीट काढून त्याला पायाशी बसवता येतं. इथे फर्स्ट क्लासचं अख्खं कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच तो सोबत, नाहीतर गार्डाच्या डब्यातला पिंजरा. पण तिथल्या त्या तिकिटावर पट्टा आणि मुसकं सक्तीचं असतं, हे फोटोत दिसत नाही. तिथे कुत्र्यावर कर भरावा लागतो. बर्लिनमध्ये कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा काढणं सक्तीचं आहे. लोअर सॅक्सनी नावाच्या प्रांतात पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला चक्क परीक्षा द्यावी लागते, आधी लेखी आणि मग कुत्र्याला घेऊन प्रात्यक्षिक. परीक्षा कुत्र्याची नाही, माणसाची. हॉटेलात टेबलाखाली निमूट झोपलेला तो कुत्रा त्या परीक्षेच्या पलीकडचा आहे. आपल्याला टेबलाखालची जागा हवी, परीक्षा नको.

बंदी घालणाऱ्यांचं मी समर्थन करते आहे असं समजू नका. सरसकट बंदी हा आळशी माणसाचा उपाय असतो. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायचं पत्रक काढलं. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी न बोलताच ते काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. आपल्या बागेतही कुणाला दंड न करता, कुणाचं नाव न विचारता, सगळ्यांनाच फाटकाबाहेर काढलं. त्याच बागेत व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत, त्यांना पाटी नाही. हे सगळं मी उद्यान विभागाला लेखी कळवलं आहे, पोच माझ्याकडे आहे. पण तिथे भांडायला गेले की साहेब शांतपणे काकांच्या मनगटाचा विषय काढतात, आणि माझा मुद्दा तिथेच बसतो. त्या मनगटाने माझ्या हातातली सगळी परिपत्रकं निकामी केली आहेत.

त्यात वेळ कसली आली आहे ती बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांत तो आदेश बदलला. लस आणि नसबंदी करून होती तिथे सोडा, फक्त रेबीज झालेली आणि अंगावर येणारी सोडू नका, असं ठरलं. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. हे सगळं भटक्यांविषयी, पण रस्त्यावर कुत्र्याकडे बघणाऱ्याची नजर एवढा फरक करत नाही. त्या आदेशांनंतर भुरीच्या कानाची खाच बघून दोन पोरांनी मला विचारलं, “मावशी, ही उचलून नेणार का आता?” गळ्यात पट्टा होता, त्याचं टोक माझ्या हातात होतं, तरी. अशा दिवसांत आपल्यातला प्रत्येक जण बाहेर पडतो तो सगळ्यांच्या वतीने पडतो. तुम्ही तुमच्यापुरते पडलात.

आता आम्ही रस्त्याने फिरतो. भुरी म्हातारी झाली, मागचे पाय आखडलेले असतात, पहिली काही पावलं ती लाकडासारखी टाकते. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, म्हणून कडेने चालायचं. घंटागाडी आली की ती भिंतीला चिकटते. पुढच्या चौकातली कुत्री आपली हद्द सोडत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे, मग आम्ही तिथून मागे वळतो. कामं आटपून जरा उशिरा निघावं तर उन्हाळ्यात नवाच्या सुमारास डांबर तापतं. हाताची पालथी बाजू रस्त्याला टेकवून बघा. तुम्हाला ठेववली नाही, तर तिला पंजा ठेववत नाही. बांबूंच्या त्या पट्ट्यात मऊ माती होती, सावली होती, आणि तिला हुंगायला रोजचं काहीतरी नवं होतं. बागेच्या फाटकापाशी ती अजून थांबते आणि माझ्याकडे बघते. तिला काय सांगायचं ते मला कळत नाही. तुमच्याकडे मोटारी आहेत, तुम्ही शहराबाहेर कुठल्यातरी फार्मवर रविवारी जाता, तिथे तासाचे पैसे देऊन मोकळं सोडता. तुमचे फोटो बघते मी. कुत्रे छान पळताना दिसतात.

ग्रुपवर एकाने सुचवलं की आता टेकडीवर नेऊ, तिथे कोण विचारतंय. कृपा करून नेऊ नका, निदान मोकळे तरी नका सोडू. तिथे टिटवी उघड्या जमिनीवर खडीत अंडी घालते, रातवा पाचोळ्यात बसतो, तित्तर झुडपाखाली पिल्लं घेऊन फिरतो. तुमच्या कुत्र्याला तीही खेळणीच वाटणार, आणि त्यांच्या वतीने बैठकीत उठून बोलायला कुणी काका नाहीत. मग टेकडीवरही पाटी लागेल, आणि मग आपण कुठे जाणार आहोत?

नवा अर्ज मी लिहायला घेतला आहे. वेळ तीच मागितली आहे, अटी आधीपेक्षा कडक घातल्या आहेत. पट्टा सहा फुटांहून लांब नको, एका माणसामागे एकच कुत्रा, आणि नियम मोडणाऱ्याचा प्रवेश कायमचा बंद, बाकीच्यांचा नाही. अर्जावर पहिली सही बाग झाडणाऱ्या बाईंची असावी असं मला वाटत होतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी महिनाभर बांबूखाली काही दिसलं नाही, तर करीन.” बंदी असताना ते कसं सिद्ध करायचं, हे मी त्यांना विचारलं नाही. रात्री फाटक ओलांडून कोण येतं, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत असावं.

काकांकडेही गेले होते. प्लॅस्टर निघालं आहे, मूठ अजून नीट वळत नाही, सही वाकडी येते म्हणून हसत होते. त्यांनी अर्ज वाचला, एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि कागद परत दिला. “आला का रे कुणी?” एवढंच विचारलं त्यांनी, मला नाही, मुलाला. काठी ओढणाऱ्या कुत्र्याचे मालक त्यांना भेटायला गेलेलेच नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

तर ते मालक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी: काका पाचनंतर घरी असतात, दुसरा मजला, लिफ्ट चालू आहे. कुत्र्याला नेलंत तरी चालेल, ते नाही म्हणणार नाहीत. पट्टा तेवढा लावून न्या.

आपली,
भुरीला फिरवणारी